यंत्राच्या आज्ञा बरोबर, कशावरून?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, की हा शहरातल्या शिकलेल्या मंडळींचा विषय. आमचा त्याच्याशी काय संबंध? तेव्हा संबंध कसा आहे, तो आधी सांगतो. सकाळी आपण दूध घेऊन संकलन केंद्रावर जाता. पूर्वी तिथे माप असे, वही असे आणि वहीत लिहिणारा माणूस असे. आता पुष्कळ ठिकाणी वजन काटा सांगतो, फॅट यंत्र सांगते, दर संगणक काढतो आणि छापील पावती आपल्या हाती पडते. बँकेतले व्याज, विजेचे बिल, रेशन दुकानात अंगठा लावल्यावर मिळणारे धान्य, पोरीच्या शिष्यवृत्तीची रक्कम, या साऱ्यांचा हिशेब आज यंत्र करते. वहीतला हिशेब चुकला असे वाटले, तर आपण लिहिणाऱ्याला म्हणत होतो, 'दादा, पुन्हा एकदा बेरीज करा बरं.' यंत्राला काय म्हणावयाचे? ते पुन्हा बेरीज करील आणि पुन्हा तेच उत्तर देईल.

याचे कारण असे, की यंत्र आपल्या मनाने काही ठरवीत नाही. कोणीतरी माणसाने आधी बसून आज्ञांची एक यादी लिहिलेली असते. अमुक आकडा घे, तमुकाने गुण, शंभरापेक्षा जास्त असेल तर असे कर, नसेल तर तसे कर. या यादीला आज्ञावली म्हणतात. बोलताना आपण प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर म्हणतो. यंत्र ती यादी निमूटपणे पाळते. आज्ञा शहाणपणाची असली तरी पाळते आणि वेडगळ असली तरी तितक्याच निष्ठेने पाळते. म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. या आज्ञा बरोबर आहेत, कशावरून? हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यात काही शास्त्रज्ञांनी आयुष्य वेचले. त्यांच्या कामाची ओळख आज आपल्याला करून द्यावयाची आहे.

आपण म्हणाल, यात अवघड काय आहे? चार वेळा चालवून पाहावे. उत्तरे बरोबर आली, की झाले. शितावरून भाताची परीक्षा करतातच की!

श्रोतेहो, ही म्हण खरी आहे, पण ती भाताला लागू आहे. एका पातेल्यातली सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात, म्हणून एक शीत बाकीच्यांची साक्ष देते. आज्ञावलीत तसे नसते. तिच्यात 'असे असेल तर इकडे, तसे असेल तर तिकडे' अशा शेकडो वाटा फुटलेल्या असतात. एका वाटेने सुखरूप गेलो म्हणून दुसऱ्या वाटेवर खड्डा नाही, असे कसे म्हणता येईल?

मग सगळ्याच वाटा चालून पाहू, असे कोणी म्हणेल. तेही जमत नाही. साधी दोन आकड्यांची बेरीज घ्या. संगणकात आकडा साठवण्याची एक नेहमीची पेटी असते. तिच्यात सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे आकडे मावतात. अशा दोन पेट्यांतल्या आकड्यांच्या जितक्या जोड्या होतील, तितक्या सगळ्या तपासावयाच्या ठरवल्या आणि दर सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी ५८० हून अधिक वर्षे लागतात. ही गत एका बेरजेची. म्हणूनच एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने बजावून ठेवले, की चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही.

चूक राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. थेरॅक-२५ या नावाचे एक यंत्र होते. कर्करोगाच्या रोग्यांना त्याने किरणांचा उपचार देत असत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रोग्यांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा दिली आणि त्यांतले निदान तिघे त्यामुळे दगावले. आधीच्या यंत्रात धोका टाळण्यासाठी वेगळे अडसर बसवलेले होते. या यंत्रात ते काढून त्यांचे बरेचसे काम आज्ञावलीवर सोपवले होते. तिच्यात एकाहून अधिक दोष निघाले. त्यांतला एक ऐकण्यासारखा आहे.

मोटारसायकलचे जुने मीटर आपण पाहिले असेल. त्यात आकड्यांची पाचच घरे असतील, तर ९९९९९ च्या पुढच्या किलोमीटरला ते पुन्हा ००००० दाखवते. गाडी तर तेवढीच चाललेली असते, पण मीटर म्हणते नवी कोरी! थेरॅकच्या आज्ञावलीत असाच एक मोजता आकडा होता आणि त्याची पेटी फार लहान होती. २५५ नंतर तो शून्यावर येई. शून्य नसेल तेव्हा यंत्राचा भाग योग्य जागी आहे की नाही याची तपासणी व्हावयाची आणि शून्य असेल तर तपासणी गाळावयाची, अशी आज्ञा होती. म्हणजे दर २५६ व्या वेळी एका क्षणापुरती ती तपासणी होत नसे. नेमक्या त्याच क्षणी यंत्र चालवणाऱ्याने बटण दाबले, तर अनर्थ. असा क्षण चार-दोन चाचण्यांत सापडावा तरी कसा?

तेव्हा निराळी वाट शोधणे भाग होते. ती वाट शिक्षक मंडळींच्या ओळखीची आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे आपण मुलांना कसे पटवून देतो? जगातले सगळे त्रिकोण मोजून? मुळीच नाही. आपण फळ्यावर एक त्रिकोण काढतो आणि पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन मथळे देतो. सिद्धता पुरी झाली, की जे त्रिकोण अजून कोणी काढलेलेही नाहीत, त्यांच्याबद्दलही आपण निर्धास्त होतो. भूमितीतला हा निर्धास्तपणा आज्ञावलीला मिळवून देता येईल का?

हा विचार फार लवकर सुचला तो इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग यांना. १९४९ च्या जून महिन्यात केंब्रिज येथे भरलेल्या एका परिषदेत त्यांनी एक छोटा निबंध वाचला. लांबलचक आज्ञावली तपासावी कशी, हा त्याचा विषय. त्यांनी दाखला दिला तो शाळेतल्या बेरजेचा. तोच दाखला आपण आपल्या आकड्यांनी पाहू. ३८४७, ५९२६, ७४३८ आणि ६५९९ यांची बेरीज एका मुलाने २३८१० अशी लिहून आणली. नुसते उत्तर पाहून ते बरोबर की चूक हे गुरुजींना कळणार नाही. त्यांना सगळी बेरीज पुन्हा करावी लागेल. पण मुलाने प्रत्येक स्तंभाची बेरीज वेगळी लिहून आणली असती तर? एककांची ३०, दशकांची १८, शतकांची २६ आणि हजारांची २१. मग चार मुलांना एकेक स्तंभ वाटून देता येतो. प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे, पाचव्याने हातचे बरोबर मिळवले का तेवढे पाहावे. मोठे काम लहान लहान तुकड्यांत तपासून होते.

ट्युरिंग यांचे म्हणणे असे, की आज्ञावली लिहिणाऱ्यानेही हेच करावे. अधूनमधून थांबून 'या ठिकाणी आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे' अशी विधाने लिहून ठेवावीत. म्हणजे तपासणाऱ्याला एका विधानापासून पुढच्या विधानापर्यंतचा तुकडाच तपासावा लागेल. हा निबंध पुढे बरीच वर्षे कोणाच्या ध्यानातही राहिला नाही. १९६७ साली अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लॉइड यांनी हाच विचार नीट शास्त्रशुद्ध करून मांडला. आणि त्यावर पक्के घर बांधले ते टोनी होअर यांनी. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

चार्ल्स अँटनी रिचर्ड होअर यांचा जन्म १९३४ साली कोलंबो येथे, म्हणजे त्या वेळच्या सिलोनमध्ये, इंग्रज आईबापांच्या पोटी झाला. ऑक्सफर्डला त्यांनी शिक्षण घेतले ते ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञानाचे. नंतर नौदलात सक्तीची सेवा करताना ते रशियन भाषा शिकले आणि त्या जोरावर मॉस्कोच्या विद्यापीठात एक वर्ष राहिले. यंत्राकरवी रशियनचे इंग्रजी भाषांतर करता येईल का, याचा तिथे विचार चालला होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर अकारविल्हे साठवलेला असे. फीत पुन्हा पुन्हा मागेपुढे करावी लागू नये म्हणून वाक्यातले शब्द आधी अकारविल्हे लावून घेणे सोयीचे होते. ते झटपट कसे लावावेत? होअर यांना युक्ती सुचली. एक शब्द मध्ये धरावा, त्याच्या आधीचे सगळे शब्द एका बाजूला टाकावेत, नंतरचे दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक बाजूत पुन्हा तेच करावे. क्विकसॉर्ट या नावाने ही रीत आज जगभर वापरली जाते. पुढे इंग्लंडमध्ये नोकरी धरल्यावर वरिष्ठांनी, आपल्याजवळच्या रीतीहून वेगाची रीत होअर यांच्याकडे असणे शक्य नाही, म्हणून सहा पेन्सची पैज लावली. होअर यांनी ती जिंकली.

पण त्याच नोकरीत त्यांनी मोठे अपयशही पाहिले. कंपनीच्या नव्या संगणकासाठी एक मोठी आज्ञावली तयार करण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. मुदती टळत गेल्या. शेवटी जे तयार झाले, ते इतके संथ, की वापरता येईना. एका माणसाने करावयाचे म्हटले तर ३० हून अधिक वर्षांचे काम होईल, एवढी मेहनत पाण्यात गेली. ही हकीकत होअर यांनी स्वतःच १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना भरसभेत सांगितली. कसल्याही आडपडद्याशिवाय सांगितली, हे विशेष.

१९६८ साली ते उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी अवघ्या पाच-सहा पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. आज्ञावलीची सिद्धता हा विषय आज ज्या पायावर उभा आहे, तो पाया या लेखाने घातला.

त्यात सांगितले काय? आपल्याच शब्दांत सांगतो. प्रत्येक आज्ञेला तीन अंगे माना. पहिले अंग पक्ष, म्हणजे आज्ञा पाळण्यापूर्वी काय खरे आहे. दुसरे अंग ती आज्ञा. तिसरे अंग साध्य, म्हणजे आज्ञा पाळून झाल्यावर काय खरे असलेच पाहिजे. दूध केंद्राचेच उदाहरण घ्या. पक्ष असा, की लिटरचा आकडा शून्याहून मोठा आहे आणि दर ठरलेल्या तक्त्यातला आहे. आज्ञा अशी, की दोघांचा गुणाकार कर. साध्य असे, की पावतीवरची रक्कम ही लिटर गुणिले दर एवढीच आहे, पैशाने कमी नाही, पैशाने जास्त नाही.

आता एका आज्ञेचे साध्य हाच पुढच्या आज्ञेचा पक्ष होतो. साखळीची एक कडी दुसरीत अडकवावी, तशा या आज्ञा एकमेकींत अडकतात. प्रत्येक कडी तपासली, की साखळी तपासून होते. होअर यांनी निरनिराळ्या प्रकारच्या आज्ञांसाठी असे नियम घालून दिले. कागद-पेन्सिल घेऊन, यंत्र न चालवता, आज्ञावली बरोबर आहे की नाही याचा निवाडा करता यावा, असे ते नियम आहेत.

यातली गोम आहे ती फेऱ्याच्या आज्ञेत. 'अमुक होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा कर' या आज्ञेत फेरे दहा होतील की दहा लाख, हे आधी ठाऊक नसते. मग साखळीला कड्या तरी किती मोजाव्या? हे समजण्यासाठी आपण शब्दकोश उघडू.

समजा, १००० पानांचा कोश आहे आणि त्यात 'मोट' हा शब्द शोधावयाचा आहे. आपण पहिल्या पानापासून वाचत जात नाही. मधले पान उघडतो. शब्द त्या पानावर बसणारा असेल तर तिथेच पाहतो. तो पुढे येणारा असेल तर मधल्या पानासकट अलीकडची सगळी पाने सोडून देतो. मागे येणारा असेल तर मधल्या पानासकट पलीकडची सोडतो. उरलेल्या पानांत पुन्हा तेच. दर वेळी निम्मी पाने गळतात. म्हणून १००० पानांच्या कोशात जास्तीत जास्त १० वेळा पान उघडले, की निकाल लागतो.

आता उरलेल्या पानांच्या दोन्ही टोकांना खुणेच्या दोन दोऱ्या घाला. एक डावी, एक उजवी. आणि हे विधान मनात धरा : 'मोट' हा शब्द कोशात असलाच, तर तो या दोन दोऱ्यांच्या दरम्यानच्या पानांतच आहे. सुरुवातीला हे खरे आहे का? आहे, कारण दोऱ्या पहिल्या आणि शेवटच्या पानाला आहेत. एक फेरा झाल्यावर खरे राहते का? राहते, कारण कोश अकारविल्हे आहे आणि जी पाने सोडली, त्यांत तो शब्द असणे शक्य नाही. मग दुसऱ्या फेऱ्यानंतरही खरे, तिसऱ्यानंतरही खरे. फेरे कितीही होवोत, विधान ढळत नाही. आणि दोऱ्यांमध्ये एकही पान उरले नाही तर? तर तेच विधान आपल्याला सांगते, की हा शब्द कोशात नाही. फेऱ्याच्या आज्ञेची सगळी सिद्धता अशा एका न ढळणाऱ्या विधानावर उभी असते.

पण एवढ्याने भागत नाही, बरं का. फेरे कधीतरी संपतात हेही दाखवले पाहिजे. इथे ते सोपे आहे. दर फेऱ्याला निदान एक तरी पान कमी होते आणि पाने तर मोजकीच आहेत.

आता लिहिणाऱ्याच्या हातून जराशी गफलत झाली असे धरा. डावी दोरी मधल्या पानाच्या पुढच्या पानाला घालावयाची, ती त्याने मधल्या पानालाच घातली. काय बिघडते? पुष्कळ शब्द व्यवस्थित सापडतात. मग एखाद्या वेळी ६४७ आणि ६४८ ही दोनच पाने उरतात आणि शब्द असतो ६४८ वर. या दोहोंची बेरीज १२९५, तिचा निम्मा साडेसहाशेच्या आत, ६४७ आणि अर्धा. अर्धा सोडून यंत्र ६४७ वे पान उघडते. शब्द पुढे आहे असे पाहते, डावी दोरी ६४७ ला घालते. ती आधीच तिथे होती! पुन्हा तेच पान, पुन्हा तीच दोरी. घाण्याचा बैल फिरावा तसे यंत्र फिरत राहते. यात गंमत अशी, की न ढळणारे विधान इथेही खरेच राहते. मोडते ते दुसरे कलम. पाने कमी होत नाहीत. जो माणूस दोन्ही कलमे लिहून पाहील, त्याला ही चूक कागदावरच दिसेल. जो चार-पाच शब्द शोधून पाहील, त्याला ती दिसेल किंवा दिसणारही नाही. तो त्याच्या नशिबाचा भाग.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकून आपणास वाटेल, की मग सिद्धता लिहिली म्हणजे सारी चिंता मिटली. तसे नाही आणि तसे मी सांगितले तर ते अर्धे सांगितल्यासारखे होईल.

ही शब्दकोशाची रीत जॉन बेंटली या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या पुस्तकात सिद्धतेसह दिली होती. तशीच आज्ञावली जावा नावाच्या संगणकभाषेच्या संग्रहात बसवलेली होती आणि जगभर वापरात होती. २००६ साली ती लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच जाहीर केले, की तिच्यात चूक आहे आणि ती नऊ वर्षे तशीच राहून गेली. चूक कोणती? मघाशी आपण मधले पान काढण्यासाठी डाव्या आणि उजव्या पानांची बेरीज केली. यंत्राच्या पेटीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ याहून मोठा आकडा मावत नव्हता. यादीत १०७ कोटींहून जास्त नोंदी असल्या, तर ती बेरीज पेटीबाहेर जाऊ शकते आणि मीटर उलटून भलताच, उणे आकडा दिसतो. सिद्धता चुकली नव्हती. बेरीज पेटीत मावते, हा पक्ष कोणी बोलून दाखवला नव्हता, इतकेच. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी कोणाकडे नव्हत्या. पुढे त्या आल्या आणि चूक उघडी पडली. उपाय सोपा होता. बेरीज करण्याऐवजी दोन दोऱ्यांमधले अंतर काढावे, त्याचा निम्मा डाव्या पानात मिळवावा.

न बोललेला पक्ष किती महाग पडतो, याची दुसरी हकीकत ४ जून १९९६ ची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना येथून युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच उडाले. सुदैवाने त्यात माणसे नव्हती, चार उपग्रह होते. सुमारे ४० सेकंदांत ते वाकडे होऊन फुटले. त्यातला एक भाग आधीच्या एरियन-४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. आडव्या वेगाशी निगडित असा एक मोठा आकडा एका लहान पेटीत घालण्याची आज्ञा त्यात होती. त्या पेटीत ३२,७६७ पर्यंतच आकडा मावे. जुन्या रॉकेटच्या मार्गावर हा आकडा कधीच त्यापलीकडे जात नसे, म्हणून तो ओलांडला तर काय, याची तजवीज ठेवली नव्हती. नव्या रॉकेटचा वेग वेगळा, आकडा पेटीबाहेर गेला आणि दिशा सांगणारे यंत्र बंद पडले. जोडीला राखीव यंत्र होते, पण त्यातही तीच आज्ञावली. तेही बंद पडले होते. एका घरची वहिवाट दुसऱ्या घरात जशीच्या तशी नेली आणि दोन्ही घरांचे पक्ष वेगळे आहेत हे पाहिले नाही, त्याचा हा परिणाम.

म्हणजे होअर यांच्या शिकवणीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही : साध्याइतकाच पक्ष लिहिणे महत्त्वाचे. 'हे काम बरोबर होईल' एवढे म्हणणे पुरे नाही. 'अमुक अमुक खरे असेल, तर हे काम बरोबर होईल' असे म्हटले पाहिजे. आणि ते अमुक अमुक खरे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, तेही ठरवले पाहिजे.

या विद्येचा उपयोग प्रत्यक्षात झाला आहे का? झाला आहे. पॅरिसमध्ये ऑक्टोबर १९९८ मध्ये भुयारी रेल्वेचा १४ क्रमांकाचा मार्ग सुरू झाला. या गाड्यांना चालकच नसतो. प्रवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित आज्ञावली तिथे सिद्धतेच्या मार्गाने तयार करण्यात आली. फ्रान्सचे झाँ-रेमाँ आब्रियाल यांनी काढलेली रीत त्यासाठी वापरली. हे आब्रियाल ऑक्सफर्डला होअर यांच्या विभागात काम करून आलेले. लहानमोठ्या मिळून २७ हजारांहून अधिक सिद्धता तिथे कराव्या लागल्या. २००९ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथील शास्त्रज्ञांनी संगणकाचा गाभा चालवणाऱ्या एका आज्ञावलीची पुरी सिद्धता केली. आज्ञावली सुमारे ८,७०० ओळींची आणि तिची सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची! इतकी लांब सिद्धता माणूस वाचून तपासू शकत नाही. ती तपासण्यासाठीही यंत्रच वापरतात. आपल्याकडेही पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा समूहाच्या संशोधन केंद्रात आणि मुंबईच्या आय.आय.टी.त या विषयावर काम झाले आहे.

खर्च पाहता प्रत्येक आज्ञावलीची अशी सिद्धता होत नाही. खुद्द होअर यांनी १९९६ साली मोकळेपणाने मान्य केले, की सिद्धतेशिवायही बहुतेक सॉफ्टवेअर अपेक्षेपेक्षा पुष्कळच भरवशाचे निघाले. काळजीपूर्वक चाचणी, एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचणे, शिस्तीने काम करणे, याचे ते फळ. म्हणजे चाचणी टाकाऊ नव्हे. जिथे चुकीची किंमत थोडी, तिथे चाचणी पुरते. जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तिथे सिद्धतेचा खर्च करावाच लागतो. आणि अलीकडे तर आज्ञावल्या लिहिण्याचे कामही यंत्रेच करू लागली आहेत. लिहिणारा माणूस समोर होता तोवर त्याला विचारता तरी येत होते, 'तू हे असे का लिहिलेस?' आता 'कशावरून?' हा प्रश्न अधिकच निकडीचा होणार आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे दोन शब्द आपल्यासाठी. आपल्या वर्गातली काही मुले उद्या या कामात शिरतील. त्यासाठी शाळेत संगणक हवेत हे खरे, पण जिथे ते नाहीत तिथेही या विद्येचा श्रीगणेशा करता येतो. मुलाने उत्तर बरोबर आणले तरी त्याला विचारावे, 'कशावरून?' रीत सांगितली, तर विचारावे, 'ही रीत कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही?' वर्गात शब्दकोशाचा खेळ लावावा. दोन मुले दोऱ्या धरतील, तिसरा पान उघडील, आणि बाकीच्यांनी दर फेऱ्याला सांगावे, की आपले विधान अजून खरे आहे का आणि पाने कमी झाली का. वीज नसलेल्या वर्गातही हा खेळ चालेल.

आणि श्रोतेहो, आपल्या हातातल्या पावतीवरचा आकडा खटकला, तर 'यंत्र चुकत नाही' हे उत्तर मुकाट्याने घेऊ नका. यंत्र आज्ञा पाळण्यात सहसा चुकत नाही. पण आज्ञा माणसाने लिहिलेली असते आणि तिचा पक्ष कधी कधी लिहावयाचा राहून गेलेला असतो. तेव्हा शांतपणे विचारावे, हा आकडा कशातून आला ते दाखवा. काटा, फॅट, दर, एकेक स्तंभ वेगळा मांडून दाखवा. ट्युरिंग यांनी १९४९ साली तपासणाऱ्यासाठी एवढेच तर मागितले होते.